घाटातली नवी गिट्टी आणि सायकल: सात गैरसमज

परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. मधल्या तीसेक किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यात सातशे मीटरांहून अधिक चढण आहे. वऱ्हाडाच्या सपाटीवर सायकल चालवणाऱ्याला खरा चढ अनुभवायचा तर या घाटासारखी जागा नाही. अकोल्याकडच्यांना अकोटहून पोपटखेडमार्गे नरनाळ्याकडे जाणारा सातपुड्याचा पायथा जवळचा. असा एखादा घाटरस्ता नव्याने केला जातो, म्हणजे जुन्या पृष्ठभागावर डांबर फवारून त्यावर गिट्टी पसरली जाते, तेव्हा मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता नवा झालेला दिसतो आणि सायकलवाल्याला तो बिघडलेला वाटतो. या वादात दोन्ही बाजूंनी काही समजुती ठामपणे मांडल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि त्यामुळे योग्य मागणी योग्य जागी पोचत नाही.

गैरसमज १: नवा रस्ता खडबडीत झाला, म्हणजे कामात खाल्ले.

वस्तुस्थिती: प्रत्येक वेळी नाही. डांबर फवारायचे, त्यावर एकाच आकाराच्या गिट्टीचा एक थर पसरायचा आणि रोलरने दाबायचा, ही जगभर वापरली जाणारी मान्य पद्धत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची यासाठी २००५ सालची स्वतंत्र संहिता आहे. पाणी आत मुरू नये आणि गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागाला पुन्हा पकड यावी, हा तिचा हेतू. जाड डांबरी थरापेक्षा ती बरीच स्वस्त पडते, म्हणून कमी वर्दळीच्या डोंगरी रस्त्यांवर तिची निवड होते. तिचा पृष्ठभाग मुळातच खरखरीत असतो.

पण किती खरखरीत, हे गिट्टीच्या आकारावर ठरते. या कामासाठी ६, १०, १३ आणि १९ मिलिमीटर असे आकार वापरले जातात. मोटारीच्या रुंद टायरला १० आणि १९ मधला फरक थोडा जास्त आवाज म्हणून कळतो. सायकलस्वाराला तो तळहातांत, मनगटांत आणि पाठीत जाणवतो. म्हणून काम खराब आहे का, याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: गिट्टी कोणत्या आकाराची निवडली आणि का?

गैरसमज २: रस्ता जितका खडबडीत, तितकी पकड चांगली, सायकलवाल्यांनी तर आभारच मानावेत.

वस्तुस्थिती: पकड दोन गोष्टींतून येते. एक, प्रत्येक दगडाच्या अंगाची बारीक खरखर. आणि दोन, दगडांमधल्या मोठ्या फटी. फटींचे मुख्य काम पावसाचे पाणी वाट काढून देणे. वेगातल्या मोटारीला त्यांची गरज असते, कारण तिचे टायर पाण्याच्या थरावर तरंगू शकतात. नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून टायर तरंगू लागण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावरून काढण्याचे सूत्र मिळाले. त्या सूत्राने ३२ पौंड दाबाच्या मोटारीच्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. ६० पौंड दाबाच्या सायकलच्या टायरसाठी तो ताशी १२९ किलोमीटरच्या आसपास जातो. घाट उतरताना कोणीही सायकलवर या वेगाच्या जवळपास नसतो. त्यामुळे मोठ्या गिट्टीने मिळणारा हा फायदा सायकलला मिळतच नाही, घाटात सावकाश जाणाऱ्या मोटारीलाही फारसा नाही.

आणि पकड मिळते ती डांबरात घट्ट बसलेल्या दगडाची. सुटी गिट्टी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते. उतारावर, वळणावर, सायकल कललेली असताना आणि ब्रेक दाबलेला असताना चाकाखालून असे दगड सरकले, तर सावरायला वेळ मिळत नाही.

गैरसमज ३: थोडे दिवस सोसा, गाड्या फिरल्या की आपोआप बसेल.

वस्तुस्थिती: गाड्यांची चाके जिथून जातात ते दोन पट्टे खरेच दबतात. पण सायकल त्या पट्ट्यांतून चालत नाही, ती कडेने चालते. मोटारींची चाके सुटी गिट्टी बाजूला फेकतात आणि ती मध्यभागी, कडेला आणि वळणांवर साठते. म्हणजे वाहतुकीने रस्ता मोटारींसाठी सुधारतो, त्याच वेळी सायकलच्या वाटेवर गिट्टीचा ढीग वाढतो. सायकलवाला ती चुकवायला मध्ये येतो आणि मागून येणाऱ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या पुढे सापडतो. वरून चाकांखालून उडालेले दगड नडगीला आणि तोंडाला लागतात ते वेगळेच.

यावर उपाय साधा आहे. पुरेसा रोलर फिरवणे, डांबराने दगड धरल्यावर सुटी गिट्टी झाडून उचलणे आणि तोवर वाहनांचा वेग कमी ठेवणे. ही झाडलोट मूळ कामाचाच भाग आहे. ती राहिली असेल, तर काम पूर्ण झालेले नाही.

गैरसमज ४: नवा थर आला, म्हणजे खड्डे गेले.

वस्तुस्थिती: एका दगडाच्या जाडीच्या थराने रस्त्याची ताकद वाढत नाही. खाली खड्डा, भेग किंवा खचलेला भाग असेल, तर तो आधी स्वतंत्रपणे दुरुस्त करावा लागतो. तसे न करता वरून फवारणी केली, तर खड्डा फक्त झाकला जातो आणि पहिल्या जोरदार पावसात पुन्हा उघडतो.

कडांचीही तीच गोष्ट. जुन्या थरावर नवा कारपेट टाकला, की रस्त्याची कड तेवढीच उंच होते. साईडपट्टीवर मुरूम भरून ती रस्त्याच्या पातळीला आणली नाही, तर काठावर पायरी तयार होते. समोरून बस आली म्हणून खाली उतरलेला सायकलवाला पुन्हा वर चढताना याच पायरीवर आपटतो. पृष्ठभागाच्या खरखरीची चर्चा पुष्कळ होते, या पायरीची फारशी होत नाही. जिवाला धोका मात्र तिचाच अधिक.

गैरसमज ५: अमरावती-अकोला रस्ता पाच दिवसांत होतो, मग घाटातलाही तसाच व्हायला हवा.

वस्तुस्थिती: जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तो थर निराळा होता. तिथे खडी, चुरी आणि डांबर यांचे गरम मिश्रण प्लांटमध्ये तयार करून पेव्हर यंत्राने पसरले जाते, म्हणून पृष्ठभाग घट्ट आणि सपाट येतो. मैदानात रस्ता सरळ आणि पुरेसा रुंद असतो.

घाटात अरुंद वळणे असतात, यंत्राला वळायला जागा कमी, आणि वाहतूक अर्ध्या रुंदीतून सुरू ठेवावी लागते. हवामानाचीही अट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानकांनुसार पाऊस, धुके किंवा ओलसर पृष्ठभाग असताना आणि तापमान १० अंशांखाली असताना डांबरीकरण थांबवायचे असते. चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात धुके रोजचे आणि दरीच्या सावलीतली वळणे सकाळी उशिरापर्यंत ओली. तेव्हा घाटाने मैदानाचा वेग मागू नये. काम योग्य हंगामात आणि पूर्ण व्हावे, एवढे मात्र मागावे.

गैरसमज ६: डांबर सढळ हाताने टाकले, की दगड सुटत नाहीत.

वस्तुस्थिती: डांबर कमी पडले तर गिट्टी सुटते, हे खरे. जास्त झाले तर उन्हाळ्यात ते वर येते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. डांबर पातळ होते, दगड त्यात बुडतात आणि वर चकचकीत काळा पट्टा उरतो. मृगाच्या पहिल्या सरीत तोच पट्टा निसरडा होतो.

गिट्टी सुटण्याचे आणखी एक मोठे कारण धूळ. आपल्याकडचा काळा बेसाल्ट डांबराला चांगला धरतो, पण दगडावर क्रशरची भुकटी असेल, तर डांबर भुकटीला चिकटते आणि दगड मोकळाच राहतो. धुतलेली किंवा आधीच डांबराचा हात दिलेली गिट्टी वापरली, तर हा दोष बराच टळतो.

गैरसमज ७: ही मूठभर शौकिनांची तक्रार आहे. त्यांनी रुंद टायर घ्यावेत.

वस्तुस्थिती: रुंद टायर आणि थोडी कमी हवा यांचा उपयोग होतो. खडबडीत रस्त्यावर हवा ठासून भरलेले टायर शरीराला हादरे देतात आणि त्यात शक्ती वाया जाते. शर्यतीतले सायकलपटूही पूर्वीच्या २३ मिलिमीटरवरून २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायरांकडे वळले आहेत. पण टायर बदलून सुटी गिट्टी हटत नाही.

शिवाय हा रस्ता फक्त रविवारच्या सायकलस्वारांचा नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली शाळेत जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबे दुचाकीवरून बाजाराला आणि दवाखान्यात जातात. सुटी गिट्टी दोन चाकांवरच्या प्रत्येकाला सारखीच पाडते. २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ४४.५ टक्के मोटारसायकल-स्कूटरवरची होती.

आणि सायकलस्वारांचे म्हणणे मोजता येते. कॅलिफोर्नियात २०१२ साली समुद्रकाठच्या निसर्गरम्य हायवे १ वर तिथल्या राज्याच्या वाहतूक विभागाने अशीच मोठी गिट्टी पसरली. सायकलस्वारांनी आवाज उठवला. विभागाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांकडून अभ्यास करवून घेतला. त्यांनी वेगवेगळ्या रस्त्यांवर सायकली चालवायला लावल्या आणि पृष्ठभागाच्या खरखरीची सरासरी खोली मोजली. खोली १.८ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर ८० टक्के स्वारांना रस्ता चालण्याजोगा वाटला, २.३ मिलिमीटरला हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक पडतो. 'त्रास होतो' या तक्रारीला त्यामुळे आकडा मिळाला, आणि आकडा निविदेत लिहिता येतो.

मग मागायचे काय?

'रस्ता खराब केला' एवढेच लिहिलेला अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या फायलीत सहज विरतो. नेमकी मागणी विरत नाही. घाटात वरच्या थराला १० मिलिमीटर किंवा त्याहून लहान गिट्टी वापरावी. आधी खड्डे भरावेत. काम हिवाळ्याची थंडी ओसरल्यावर आणि पावसाच्या बरेच आधी उरकावे. गिट्टी धुतलेली असावी. सुटी गिट्टी झाडून उचलावी, विशेषतः वळणांवरची आणि कडेची; आणि तोवर घाटाच्या दोन्ही टोकांना फलक लावावेत. साईडपट्टी रस्त्याच्या पातळीला आणावी.

काम सुरू होण्याआधीच माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागितले, तर गिट्टीचा आकार आणि दोषदायित्वाचा काळ दोन्ही कळतात. त्या काळात निघालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करताना किलोमीटरचा दगड, तारीख आणि फोटो द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चांगले रस्ते मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. तो हक्क मोटारीत बसलेल्याइतकाच सायकलवर शाळेत निघालेल्या मुलीचाही आहे, आणि घाटरस्त्याची निविदा लिहिताना तिचा विचार पहिल्या पानापासून व्हायला हवा.