टिम हॉर्टन्स : प्रतीक कॅनडाचे, भांडवल परके
टोरांटो संघाचे आइस हॉकीपटू टिम हॉर्टन यांच्या नावाने १९६४ मध्ये हॅमिल्टन येथे सुरू झालेले कॉफी आणि डोनटचे दुकान फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे नाव कंपनीचे व दुकान स्थानिक चालकाचे या व्यवस्थेने, कॅनडाभर पसरले आणि हॉकीइतकेच राष्ट्रीय चिन्ह मानले जाऊ लागले. २००६ मध्ये तर कंदाहारच्या लष्करी तळावर कॅनडाच्या सैनिकांसाठी त्याची शाखा उघडली. गंमत अशी, की त्याआधीची सुमारे दहा वर्षे ही साखळी वेंडीज या अमेरिकी कंपनीकडे होती, आणि २०१४ मध्ये बर्गर किंगशी एकत्रीकरण होऊन बनलेल्या नव्या कंपनीचे मुख्यालय कॅनडात राहिले, तरी तिच्यातील सर्वांत मोठा वाटा थ्रीजी कॅपिटल या ब्राझिली मुळांच्या गुंतवणूकसंस्थेकडे गेला.