परदेशी जाताना घरच्या मुक्या सोबत्याची तयारी

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने परदेशी जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आता थोडीथोडकी राहिलेली नाही. पूर्वी घरातला एखादा मुलगा जाई, आता नवरा-बायको आणि मुले असे सगळे बिऱ्हाडच हलते. पासपोर्ट, व्हिसा, मुलांच्या शाळेचे दाखले, भांडीकुंडी कुणाला द्यायची, सगळ्याचा विचार होतो. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याचा विचार मात्र बहुधा तिकिटे हातात आल्यावर होतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्या वसाहतीतून काही वर्षांपूर्वी एक कुटुंब असेच गेले. कुत्र्याला मागाहून नेऊ म्हणाले. शेजाऱ्यांकडे त्याच्या भाकरीची सोय लावून गेले. तो कुत्रा दोन-अडीच महिने त्यांच्या बंद दारासमोर बसून असे, पुढे दिसेनासा झाला. त्या माणसांना दुष्ट म्हणता येणार नाही. या कामाला किती दिवस लागतात हे त्यांना वेळेवर कुणी सांगितले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

लोकांना वाटते की अडचण पैशाची आहे. पैसा लागतोच, पण खरी अडचण तारखांची आहे आणि तिचे मूळ रेबीजमध्ये आहे. आपल्या देशात हा रोग अजून आहे. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया येथे कुत्र्यांमध्ये तो नाही आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून ते देश फार जपतात. रेबीजचे विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. त्यामुळे नुसता लसीचा दाखला त्यांना पुरत नाही. लसीचा गुण आला का हे रक्त तपासून पाहतात आणि वर थांबायलाही लावतात.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्य मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि तोच त्या जनावराचा पासपोर्ट क्रमांक समजावा. चिप बसवल्यावरच, किंवा त्याच दिवशी चिपनंतर, रेबीजची लस टोचायची. लस आधी आणि चिप नंतर असे झाले तर ती लस हिशेबात धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. जनावर किमान बारा आठवड्यांचे हवे. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा. रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलीटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे.

आता आमच्यासारख्या कारकुनाने करावा तसा हिशेब करू. १ जानेवारीला चिप व लस, ३१ जानेवारीला रक्त, आणि प्रवास एप्रिल संपल्यावर. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी चार महिने. अहवालात प्रमाण कमी आले तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. एकदा चांगला अहवाल आला की पुढची लस मुदत संपण्याआधी टोचत राहावे, मग तोच अहवाल चालतो. एक दिवसही मुदत ओलांडली तर सगळे पहिल्यापासून.

शेवटच्या आठवड्यात दोन कामे उरतात. कुत्र्याला पट्टकृमीचे औषध ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याने द्यायचे आणि तारीख-वेळ कागदावर लिहायची. मांजराला हे लागत नाही. दुसरे काम आरोग्य प्रमाणपत्राचे. ते केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन कार्यालयाकडून मिळते. अशी कार्यालये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत, तेव्हा नागपूर-औरंगाबादकडच्या मंडळींनी मुंबईला आधी येऊन राहण्याचे दिवस धरावेत. प्रत्येक कागदावरचा चिप क्रमांक आकडा न् आकडा ताडून पाहावा. एका आकड्याची चूक आपल्याला क्षुल्लक वाटते, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते दुसरेच जनावर वाटते.

देशोदेशीचे नियम निराळे आहेत. जपानला दोनदा लस आणि रक्तनमुन्यानंतर १८० दिवस थांबणे लागते. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या देशात न्यावे लागते, आणि तेथे उतरल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस ठेवतात. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. कुत्रा सहा महिन्यांहून मोठा हवा, चिप हवी, आणि भारतात लस टोचलेला असेल तर नोंदणीकृत केंद्र असलेल्या ठरावीक विमानतळावरच उतरावे लागते. रक्ताचा अहवाल नसेल तर २८ दिवस स्वखर्चाने क्वारंटाइन. नियम बदलत राहतात, म्हणून ओळखीच्याने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये. त्या देशाच्या सरकारी खात्याची ताजी माहिती घ्यावी.

आता पिंजऱ्याविषयी. दर पाहून लहान पिंजरा घेण्याचा मोह होतो, कारण मालभाडे आकारमानावरही ठरते. पण आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे माप ठरलेले आहे आणि विमान कंपनी ते मोजून पाहते. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट ही पिंजऱ्याची रुंदी. उभे असताना डोके किंवा कान, जे उंच असेल तेथपर्यंतची उंची आणि खालचे अंथरूण मिळून पिंजऱ्याची उंची. समजा कुत्रा ७० सेंटिमीटर लांब, कोपर ३० वर, खांदे २० रुंद आणि उंची ६०, तर पिंजरा ८५ लांब, ४० रुंद आणि साठाहून थोडा उंच हवा. चारही बाजूंनी हवा खेळती हवी. पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता आली पाहिजे.

पिंजरा महिना-दीड महिना आधी आणून घरात दार उघडे टाकून ठेवावा. जेवण त्यात द्यावे, जुनी चादर त्यात घालावी. जनावर आपणहून त्यात झोपू लागले की अर्धे काम झाले. हे काम घरातली मुले मोठ्यांपेक्षा चांगले करतात, त्यांच्यावर सोपवावे.

अनेकजण झोपेचे औषध देण्याचा विचार करतात. ते देऊ नये. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराला आपले तापमान राखता येत नाही आणि पिंजरा हलला तर तोल सावरता येत नाही. वर आकाशात पाहायला कुणी नसते. जनावरे ठेवतात त्या तळकप्प्यात हवेचा दाब व तापमान राखलेले असते. धोका जास्त असतो तो जमिनीवर, विमानात चढवण्याआधी उन्हात थांबावे लागले तर. म्हणून एप्रिल-मे टाळावा, रात्रीचे आणि शक्यतो मध्ये न बदलणारे विमान घ्यावे. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. वाटीतले पाणी आदल्या रात्री गोठवून ठेवले तर ते सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहते.

पग, बुलडॉग, बॉक्सर किंवा पर्शियन मांजर यांची नाके चपटी, श्वास मुळातच अवघड. पुष्कळ कंपन्या त्यांना घेत नाहीत. जाहिरातींमुळे आपल्याकडे घरोघरी पग आले, त्यांच्या मालकांनी पशुवैद्याला हा प्रश्न स्पष्ट विचारावा. आपल्या गल्लीतला साधा गावठी कुत्रा या बाबतीत भाग्यवान, लांब नाकामुळे त्याला हा त्रास नाही. फार म्हातारे वा आजारी जनावर असेल तर नेण्याचा हट्ट धरू नये. भाऊ, बहीण, जवळचा मित्र, ज्याच्याकडे ठेवायचे त्याच्याकडे आपण इथे असतानाच महिनाभर राहू द्यावे, आणि त्याला ते खरोखर परवडते का हेही विचारावे.

दलालांमार्फत काम करायचे तर दोन-तीन ठिकाणचे दर लेखी मागवावेत, आणि पिंजरा, तपासणी, मालभाडे, तिकडचे शुल्क हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ब्रिटनला जनावर विमानात आपल्याजवळ बसवून नेता येत नाही, ते मालवाहतुकीनेच जाते, आणि आपल्या प्रवासाच्या पाच दिवस आत-बाहेर गेले नाही तर व्यापारी माल समजून वेगळे नियम लागतात. लंडनला हीथ्रोच्या प्राणी केंद्रात कागद तपासून जनावर हाती मिळायला काही तास लागतात. तेव्हा तिकडे कुणी घ्यायला येणार असेल तर त्याला पट्टा-साखळी आणि पाण्याचे भांडे बरोबर आणायला सांगावे.