बोलकी खाट

रुग्णालयातील रात्रीच्या जागरणाचा प्रसंग ज्यावर आला नाही असे घर विरळा. पहाटे दोन-अडीचच्या सुमारास सोबत करणाऱ्याचा डोळा लागतो, आणि नेमका त्याच वेळी रुग्ण कोणास न सांगता खाटेवरून उतरू पाहतो. परिचारिका एक आणि खाटा अनेक. ती बिचारी कोठे कोठे पुरणार? ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे खाटेलाच पहाऱ्यावर बसविण्यात आले आहे. ते कसे, हे थोडक्यात पाहू.

प्रथम वजनाची गोष्ट. अशा खाटेच्या चारही कोपऱ्यांत भारमापक बसविलेले असतात. त्यांतील धातूच्या पट्टीवर अतिशय बारीक तारेची जाळी चिकटविलेली असते. भाराने पट्टी किंचित वाकली की तार ताणली जाते व तिचा विद्युतरोध वाढतो. हा फरक मोजला की वजन कळते. प्रत्येक कोपऱ्यावरील भार वेगळा कळत असल्यामुळे शरीराचा तोल कोणीकडे झुकला हेही समजते. रुग्ण कडेला सरकला, की पाय जमिनीस टेकण्यापूर्वीच खाटेस सुगावा लागतो. उलट, अंथरुणास खिळलेला रुग्ण बराच वेळ कुशीवर वळलाच नाही, तर त्याचीही नोंद होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ही माहिती फार मोलाची आहे.

याहून नवल नाडीचे. वजनाच्या यंत्रावर माणूस स्तब्ध उभा असला तरी यंत्राची सुई नाडीबरोबर हलते, हे गॉर्डन यांनी १८७७ सालीच नमूद केले होते. बंदूक सुटताच दस्ता खांद्यावर आदळतो; तद्वत हृदयाने रक्त पुढे फेकले की शरीरास सूक्ष्म उलटा धक्का बसतो. अमेरिकेतील डॉ. आयझॅक स्टार यांनी १९३९ साली हे धक्के टिपणारे यंत्र तयार केले. आता तेच काम गादीखालची पातळ पट्टी करते. दाब पडताच वीज उत्पन्न करणारे पदार्थ असतात, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले होते. त्याच गुणाचा येथे उपयोग होतो. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा, तर नाडी ६० ते १०० वेळा चालते. म्हणून संथ लाट श्वासाची आणि जलद लाट हृदयाची, अशी निवड करता येते. बंगळूरचे ‘डोझी’ हे उपकरण याच तत्त्वावर चालते. अंगास एकही तार लावावी लागत नाही. मात्र रुग्ण तळमळू लागला की हे बारीक धक्के त्या हालचालीत बुडून जातात.

खाटेस कळले, पण परिचारिकेस कसे कळावे? आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यास बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आजची खाट तेच करते. तिचा संदेश परिचारिकेच्या मेजावरील पडद्यावर अथवा हातातील फोनवर उमटतो. तथापि आकाशातील वाट सर्वांची सामाईक असते. १९९८ साली अमेरिकेतील डॅलस शहरी एका दूरचित्रवाणी केंद्राने नव्या पद्धतीचे प्रक्षेपण सुरू करताच रुग्णालयातील बिनतारी हृदयनिरीक्षणात व्यत्यय आला. पुढे २००० साली तेथे ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा वैद्यकीय संदेशांसाठी राखून ठेवण्यात आला.

आता मुख्य मुद्दा. मेंफिस शहरातील एका रुग्णालयाच्या १६ विभागांत अशा घंटांची रीतसर परीक्षा झाली, तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. घंटांचा वापर पुष्कळ वाढला, परंतु रुग्ण पडण्याचे प्रमाण म्हणण्यासारखे घटले नाही. कारण उघड आहे. घंटा पडणाऱ्यास धरीत नाही. धरणारा हात वेळेवर यावा लागतो. वारंवार फुकट वाजणाऱ्या घंटेकडे तर कान हळूहळू दुर्लक्ष करू लागतात.

म्हणून रुग्णालयास अशी खाट अर्पण करू इच्छिणाऱ्या दात्यांनी किंमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : वीज गेल्यास ती किती वेळ चालेल, बिघडल्यास दुरुस्त कोण करील, आणि रात्री घंटा वाजली तर धावत कोण येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर तोच पैसा रात्रपाळीच्या एका परिचारिकेच्या वेतनास द्यावा. खाट बोलकी झाली तरी ऐकणारे माणूस हवेच.