पिवळा खडा खिशात नको!

जर्मनीच्या उझेडोम बेटावर पाइनच्या जंगलाला लागून बाल्टिक समुद्राचा वाळूचा शांत किनारा आहे. वादळानंतर पर्यटक तिथे तृणमणी म्हणजेच अंबर शोधत फिरतात. पण प्रत्येक पिवळसर खडा तृणमणी नसतो. १९४३ मध्ये बेटाच्या टोकावरील पेनेम्युंडे रॉकेट केंद्रावर बॉम्बहल्ला झाला. त्या बॉम्बमधला पांढरा फॉस्फरस आजही लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. ओला असेपर्यंत तो निरुपद्रवी वाटतो. खिशात सुकला, की अंगाच्या उबेनेही पेट घेतो. ही आग सुमारे १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि खोलवर भाजते. म्हणून सापडलेला खडा धातूच्या डबीत, अंगापासून दूर ठेवावा. भाजलेच तर पेटलेले कपडे लगेच काढावेत, जखम पाण्याने सतत ओली ठेवावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.