चुंबकशक्ति आणि वनस्पतींची वाढ

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील विद्यार्थ्यांस चुंबकशक्तीचा प्रत्यय घेण्यासाठीं दूर जावयास नको. उल्हास अथवा पाताळगंगा नदीच्या कोरड्या वाळूंत लोहचुंबक फिरवावा, म्हणजे त्यास बारीक काळे कण चिकटून येतात. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेला लाव्हारस थिजून जो काळा पाषाण बनला, त्यांतील मॅग्नेटाइट नामक खनिजाचे हे कण होत. इर्शाळगड, कोथळीगड व माथेरानचे कडे याच पाषाणाचे आहेत.

सबंध पृथ्वी हाहि एक मोठा लोहचुंबकच आहे. तिच्या शक्तीचें मापन पूर्वीं मुंबईस कुलाबा येथील वेधशाळेंत होत असे. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें मापनांत व्यत्यय येईल हें ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं हें काम अलिबागेस हलविण्यांत आलें. तेथें 1904 सालापासून नोंदी होत आहेत. त्या इमारतीस आपल्याकडील काळा दगड चालला नाहीं. चुंबकगुण नसलेला पोरबंदरचा पाषाण आणावा लागला! अलिबागेस ही शक्ति सुमारें 43 मायक्रोटेस्ला, म्हणजे फारच सौम्य, भरते.

याच सौम्य शक्तींत आपल्या शेतांतील प्रत्येक बीं रुजतें, वाढतें व फुलतें. मग तिचा परिणाम वनस्पतींवर होतो काय?

या प्रश्नाचा विचार दोन भागांत केला पाहिजे. पहिला भाग प्रबळ चुंबकाचा. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं हरभऱ्याचें बियाणें पेरणीपूर्वीं 100 मिलिटेस्ला शक्तीच्या क्षेत्रांत एक तास ठेविलें. ही शक्ति अलिबागच्या भूचुंबकत्वाच्या दोन हजार पटींहून अधिक होय. असें बियाणें साध्या बियाण्यापेक्षां लवकर रुजलें व त्याचीं रोपें अधिक जोमदार झालीं, असें त्यांनीं 2008 सालीं प्रसिद्ध केलें.

दुसरा भाग सौम्य शक्तीचा व अधिक नाजूक आहे. निळा प्रकाश ओळखणारें क्रिप्टोक्रोम नामक एक द्रव्य वनस्पतींच्या पेशींत असतें. प्रकाश पडतांच त्यांत इलेक्ट्रॉनांच्या ज्या जोड्या निर्माण होतात, त्यांवर सौम्य चुंबकशक्तीचाहि प्रभाव पडत असावा, असा तर्क आहे. मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस नांवाच्या लहान रोपट्याभोंवतालची पृथ्वीची चुंबकशक्ति जवळजवळ नाहींशी केली असतां त्यास फुलें उशिरां आलीं, असें चीनमधील शास्त्रज्ञांस 2012 सालीं आढळलें. परंतु याच रोपट्यावरील 2007 सालचा दुसरा एक प्रयोग इतरांनीं 2009 सालीं पुन्हां काळजीपूर्वक करून पाहिला, तेव्हां पूर्वीचा परिणाम मुळींच दिसला नाहीं. म्हणून या विषयांत अद्याप अखेरचा निकाल लागलेला नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे.

आपल्या भातास फुलोरा केव्हां येतो, तें मात्र निश्चित ठाऊक आहे. गरवें भात थोडें मागेंपुढें लाविलें तरी बहुधा एकाच सुमारास निसवतें, हें प्रत्येक शेतकऱ्यास अनुभवानें माहीत असतें. पावसाळा सरतां सरतां दिवस लहान व रात्री मोठ्या होऊं लागतात. ती लांबलेली रात्र भाताचें पान ओळखतें व फुलोऱ्याची तयारी सुरू होते. हळव्या जाती रात्रीची इतकी वाट पाहत नाहींत. येथें मुख्य सत्ता सूर्याची आहे. चुंबकाचा वांटा असलाच तर तो अल्प होय.

हा विवेक केवळ पुस्तकी नव्हे. "चुंबकीय पाण्यानें पीक दुप्पट होतें" असें सांगून यंत्रें विकणारे पुष्कळ असतात. त्यांच्या शब्दावर विसंबून वर्षाची कमाई खर्चूं नये. खरें काय तें पाहण्याचा मार्ग सोपा आहे. वालाचे 100 सारखे दाणे घेऊन त्यांचे दोन भाग करावे. एका भागाजवळ एक तास चुंबक ठेवावा, दुसऱ्याजवळ तितकाच मोठा साधा लोखंडाचा तुकडा. नंतर माती, पाणी व उजेड दोहोंसहि सारखाच द्यावा. कोणता भाग कोणता, हें रोज अंकुर मोजणाऱ्या मित्रास सांगूं नये. नाहीं तर मनांतील इच्छाच डोळ्यांस दिसूं लागते. असा प्रयोग निदान तीन वेळां करावा, आणि फरक आढळला नाहीं तर तेंहि तितक्याच प्रामाणिकपणें लिहून ठेवावें.

सृष्टिकर्त्यानें एका वालाच्या दाण्यांत किती गूढें सांठविलीं आहेत! त्यांचा शोध घेणारानें जिज्ञासा व सत्यनिष्ठा या दोहोंचा आश्रय करावा. जिज्ञासेवांचून प्रश्न सुचत नाहीं, आणि सत्यनिष्ठेवांचून मिळालेल्या उत्तरास मोल नाहीं.