बर्फाखालच्या पर्चसाठी दोर कोणता?

टोरांटोच्या उत्तरेला सिमको तलाव आहे. हिवाळ्यात तो गोठला की बर्फाला भोक पाडून पिवळा पर्च धरणाऱ्यांची तिथे गर्दी होते. हा मासा बहुतेकदा पाव किलोच्याही आत भरतो. त्यामुळे २ ते ४ पौंडांचा, म्हणजे साधारण ०.९ ते १.८ किलो ताण पेलणारा दोर पुष्कळ झाला. जाड दोराचा मोह टाळावाच. गार पाण्यात पर्च आमिष जेमतेम चोखून सोडून देतो, आणि जाड दोरातून ते हाताला कळतच नाही.

नायलॉनचा एकपदरी दोर, म्हणजे आपल्या कोकणातला तंगूस, स्वस्त आणि गाठीला सोपा. पण थंडीत तो ताठरतो, रिळावरची वेटोळी तशीच राहतात आणि एवढासा हलका गळ ती सरळ करू शकत नाही. मासा चावला तरी आधी वेटोळंच उलगडतं. फ्लुरोकार्बनचा दोर पाण्याहून बराच जड, म्हणून चटकन बुडतो. शिवाय त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, त्यामुळे नितळ पाण्यात तो कमी दिसतो. पर्च नजरेने शिकार करतो, म्हणून माझी पसंती यालाच. फक्त गाठ ओली करूनच आवळावी. कोरडी आवळली तर घर्षणाने दोर तिथेच कमजोर होतो.

विणलेला दोर जवळपास ताणलाच जात नाही, खोल पाण्यातली हालचालही लगेच कळवतो. मात्र तो पाणी धरतो आणि उघड्या वाऱ्यात गोठून कडक होतो. शेगडी लावलेल्या तंबूत बसणाऱ्यांनी तो खुशाल वापरावा, टोकाला हातभर फ्लुरोकार्बन जोडून.