टमाट्यावर जवारीचं झाकण

परभणीहून जिंतूरला निघालं की वाटेत झरी लागतं. भोवती कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीला जवारी पिकवणारा काळ्या मातीचा मुलूख. इथल्या घरांच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली टमाट्याची चार झाडं पौष-माघात एकदम पिकायला लागली की स्वयंपाकघरापुढं दर वर्षीचाच प्रश्न उभा राहतो. चटणी झाली, सार झालं, वांग्यात घालून झाले, शेजारी वाटून झाले. बाजारात न्यावेत तर नेमका त्याच दिवसांत भाव पडलेला असतो.

या ढिगाला एक वाट कॉबलरची आहे. कांदा-लसणाच्या फोडणीत टमाटे परतून पसरट भांड्यात घ्यायचे, त्यांच्यावर ताकात भिजवलेल्या मऊ पिठाचे गोळे चमच्यानं सोडायचे आणि सगळं खालून-वरून भाजून काढायचं. खाली आंबटगोड, दाट रस्सा. वर खुसखुशीत पोपडा आणि आत मऊ पीठ. झरीच्या घरांत हा पदार्थ रूढ नाही. पण तो करायला लागणारी जवळपास प्रत्येक गोष्ट तिथं हाताशी आहे. आडवी येते ती ऐकीव माहिती: थोडी भाजण्याच्या विद्येबद्दल, बरीचशी टमाट्याबद्दल.

पहिला समज असा, की ओव्हनशिवाय असलं काही होत नाही आणि भाजणं ही आपली रीतच नव्हे. कॉबलरचा जन्मच मुळी भट्टी नसलेल्या घरांतला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतकऱ्यांकडे नीटशी भट्टी नसे. ते बिडाच्या जाड भांड्यात फळं घालत, वर पिठाचे गोळे ठेवत, झाकण लावत आणि झाकणावरही निखारे रचत. हीच युक्ती कोकणातल्या घरांनी काकडीच्या धोंडसासाठी वापरली आहे; खाली मंद विस्तव, वर निखाऱ्यांचं झाकण. मराठवाड्यात तर रोडगे आहेत. गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेला कणकेचा जाड रोडगा आणि सोबत वांग्याची भाजी ज्यानं खाल्ली आहे, त्याला कोरड्या आचेची गोडी वेगळी सांगायला नको. दिवाळीच्या आधी घरचं तूप, पीठ, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर नेणं आणि नानकटाई भाजून आणणं हेही कित्येक गावांनी वर्षानुवर्षं केलं आहे.

आता घरोघरी गॅस आला, तरी हे जमतं. जुना कुकर किंवा जाड बुडाचं पातेलं घ्यावं, तळाशी मिठाचा किंवा वाळूचा थर द्यावा, कुकर असेल तर शिटी आणि रिंग दोन्ही काढून ठेवावीत. रिकामं भांडं दहा मिनिटं तापलं की आत तिवईवर कॉबलरचं भांडं ठेवायचं. अडचण एकच: आच फक्त खालून लागते, त्यामुळं वरचं पीठ शिजतं पण पांढरंफटक राहतं. झाकणावर लाल निखारे ठेवले तर तीही दूर होते, मात्र त्यासाठी झाकण धातूचं आणि सपाट हवं. विजेचा छोटा ओव्हन असेल तर २०० अंश सेल्सियसला ३५ ते ४० मिनिटं पुरतात. साध्या मायक्रोवेव्हचा मात्र इथं उपयोग नाही. त्यातल्या लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवतात. पिठाला तांबूस रंग आणि खमंग वास यायला पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढं जावा लागतो, ते त्यात घडत नाही.

कॉबलर गोडच असतो, हेही खरं नाही. पीचचा गोड कॉबलर जगभर गाजला, एवढंच. ब्रिटनमध्ये मांस किंवा भाज्यांवर पिठाचे गोळे लावलेला तिखटमिठाचा कॉबलर नेहमीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात लोणी रेशनवर मिळत असताना तिथल्या अन्न मंत्रालयानं असे पदार्थ मुद्दाम सुचवले, कारण पायच्या आवरणापेक्षा त्यांना स्निग्ध पदार्थ कमी लागतो.

मैद्याशिवाय हे जमत नाही, हा समज जरा खोलवर रुजलेला आहे आणि तिथं थांबायलाच हवं. ‘जवारी फुगत नाही, तिला चिकी नसते’ असं घरोघर म्हणतात. यातला अर्धा भाग अगदी बरोबर आहे. जवारीत ग्लुटेन नसतं. म्हणूनच भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यानं मळतात, म्हणजे त्यातला स्टार्च फुगून पिठाला धरून ठेवतो. पावाला ग्लुटेनची जाळी हवीच, कारण यीस्टचा वायू त्याला तासन्‌तास कोंडून ठेवायचा असतो. कॉबलरचे गोळे लहान असतात, वायू सोड्यातून किंवा बेकिंग पावडरीतून काही मिनिटांत सुटतो, आणि तेवढ्यात आचेनं स्टार्च आवळून आकार पक्का होतो. इथं ग्लुटेन जास्त झालं तर उलट वातडपणा येतो. मैद्याचे गोळे दगडासारखे झाले अशी तक्रार येते, तेव्हा पीठ पोळीच्या कणकेसारखं मळलेलं असण्याची शक्यताच अधिक. अर्धी जवारी आणि अर्धी कणीक हे प्रमाण म्हणूनच चांगलं जमतं. जवारीचं पीठ आधी वीस-पंचवीस मिनिटं ताकात भिजू द्यावं, म्हणजे दाताखाली कचकच येत नाही. कणकेत थंड लोणी बोटांनी चोळून मग दोन्ही एकत्र करावं आणि ओलं-कोरडं मिसळताक्षणी हात थांबवावा.

परभणी जिल्ह्यात तरी जवारीला दुय्यम मानू नये. इथलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. मोत्यासारख्या टपोऱ्या दाण्याची रब्बी जवारी ‘परभणी मोती’ ही त्याचीच. २०१८ मध्ये विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ हा वाण दिला. नेहमीच्या जवारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. या वाणात ते अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅमपर्यंत जातं. धान्यातलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असलं की शोषण वाढतं. टमाट्यात ते असतं. ताटात टमाटे आणि जवारी शेजारी येणं हे म्हणूनच चवीपलीकडेही फायद्याचं आहे.

सोड्याबाबतचा गोंधळ थोडक्यात. ‘टमाटा आंबटच आहे, मग ताक कशाला?’ असा प्रश्न येतो. सोडा पिठात असतो आणि टमाट्याचा आंबटपणा खाली रश्शात. दोघांची गाठ फक्त कडेला पडते. पिठातल्या सोड्याला पिठातलंच आम्ल हवं, ते ताक देतं. सोडा जास्त घातला की जास्त फुगतं हेही खोटं. आम्ल संपल्यावर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि पिठाला पिवळट डाग पाडतो. दोन वाट्या पिठाला दोन चमचे बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा पुरतो. पोटातल्या गॅसवर घेतात ते फ्रूट सॉल्ट वापरायचं असेल तर अगदी शेवटी घालावं. त्याचा वायू पाणी लागताच सुटतो आणि भांडं तापेपर्यंत निघूनही जातो.

आता टमाटा. याच्यावर जितके आळ आले तितके क्वचितच दुसऱ्या फळावर आले असतील. फळ म्हणायचं ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं. व्यवहारात मात्र १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण त्या वेळी आयात भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता, आणि लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही.

सगळ्यात चिवट आळ मुतखड्याचा. ‘बिया काढून टाका, खडा होतो’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. बी खड्याचं केंद्र बनते ही कल्पनाच चुकीची आहे. बी पचनमार्गातून जाते, मूत्रपिंडात पोचत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ऑक्झलेटच्या बाबतीत टमाटा गरीब आहे. पालकात १०० ग्रॅममागे ऑक्झलेट शेकडो मिलिग्रॅम असतं, टमाट्यात फार थोडं. खडा होऊ नये म्हणून उन्हाळ्यात भरपूर पाणी पिणं टमाटा टाळण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. परभणीच्या मे महिन्यात तर फारच. ज्यांची मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र टमाट्याचं प्रमाण विचारूनच ठरवावं. तिथं कारण वेगळं आहे आणि ते खरं आहे.

बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर फेकला तर चवही जाते. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात २००७ मध्ये टमाट्याचा बाहेरचा गर आणि आतला बियांचा गर वेगवेगळा तपासला गेला. तोंडाला पाणी आणणाऱ्या चवीचं मूळ जे ग्लुटामिक आम्ल, ते बियांच्या गरात तिपटीहून अधिक निघालं. ‘कॉबलर पाणचट होतो’ या भीतीनं लोक नेमका हाच भाग काढतात. टमाट्यात ९४-९५ टक्के पाणीच असतं, तेव्हा भीती रास्त आहे, उपाय चुकतो. फोडींना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवावं, खाली जमलेला रस कढईत आटवावा आणि परत फोडींत मिसळावा. सोबत चमचाभर जवारीचं पीठ घातलं की रस्सा धरून येतो.

शिजवल्यावर टमाट्यातलं सत्त्व मरतं, हा समज अर्धवट. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये टमाटे ८८ अंशांवर तापवून पाहिले. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व सुमारे २९ टक्क्यांनी घटलं. त्याच वेळेत लाल रंग देणारं लायकोपीन, शरीराला घेता येईल अशा रूपात, कच्च्यापेक्षा १६४ टक्क्यांनी वाढलं. आच पेशींच्या भिंती मोडते, म्हणून आत अडकलेलं लायकोपीन मोकळं होतं. ते तेलात विरघळतं, म्हणून फोडणीचं शेंगदाणा तेल इथं उपयोगी पडतं. कच्ची कोशिंबीर आणि शिजवलेला रस्सा दोन्ही खावेत, असाच याचा अर्थ.

परसातला टमाटा फ्रिजमध्ये ठेवणं ही त्याची काळजी घेणं नव्हे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टमाट्यात सुवासाची संयुगं बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढून दिवसभर ठेवल्यावरही सुवास पूर्ववत होत नाही. साखर आणि आम्ल तेवढंच राहतं. जातो तो वास, आणि टमाट्याची निम्मी ओळख त्यातच असते. देठाची बाजू खाली करून सावलीत टोपलीत ठेवावेत. कापलेला किंवा फुटायला आलेला मात्र फ्रिजमध्येच बरा.

मराठवाड्याच्या हवेमुळं आणखी एक गैरसमज तयार होतो. उन्हाळ्यात परसातले टमाटे लाल न होता पिवळट-केशरी राहतात, आणि लगेच बियाणं बनावट निघाल्याचा किंवा माती बिघडल्याचा संशय येतो. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिलं की फळात लायकोपीन बनण्याची क्रिया मंदावते, पिवळी रंगद्रव्यं बनत राहतात. फुलं गळतात तीही बहुधा खत कमी पडल्यानं नव्हे. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढं आणि रात्रही उबदार असली की परागकण निकामी होतात. म्हणूनच परभणीकडं कॉबलरचा खरा हंगाम हिवाळा संपता संपताचा. थंडीच्या लाटेत इथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा फळधारणा थांबते. ऊन जरा चढलं की झाडं पुन्हा लगडतात. टमाट्याचं बूड काळं पडून सडतं, त्यावर औषध फवारण्याची घाई तर करूच नये. ते बहुतेक वेळा किडीचं काम नसतं. एक दिवस पाणी, मग चार दिवस कोरडं, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाणी थोडं पण नियमानं द्यावं, बुडाशी पाचटाचं आच्छादन टाकावं.

भांड्याचाही प्रश्न आहेच. ‘आंबट लोखंडात शिजवलं की विष होतं’ ही भीती मूळची पितळ आणि तांब्याच्या भांड्यांची. कल्हई उडालेल्या पितळेत टमाटा किंवा चिंच शिजवणं खरोखरच धोक्याचं. लोखंडाचं तसं नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बिडाच्या भांड्यात शिजवलेल्या टोमॅटो सॉसमधलं लोह १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहून कमी होतं, ते पाचच्या पुढं गेलं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं. तिथं हे लोह वाया घालवण्यासारखं नाही. रंग थोडा काळपट होतो, चव किंचित धातूची लागते. तेल मुरलेल्या जुन्या बिडाच्या कढईत ती फारशी जाणवत नाही. फक्त शिजलेला रस्सा रात्रभर त्यात ठेवू नये. पातळ अॅल्युमिनियम मात्र टाळावं.

करताना दोन गोष्टींचा क्रम सांभाळला की काम सोपं होतं. कांदा आधी पूर्ण मऊ करावा, मगच टमाटे घालावेत. आम्लात कांदा, बटाटा, डाळ यांपैकी काहीही लवकर शिजत नाही. आणि गोळे सोडताना खालचा रस्सा उकळता हवा. गार रश्शावर सोडलेल्या पिठाची खालची बाजू चिकट कच्ची राहते, आणि दोष बिचाऱ्या जवारीवर येतो. किलोभर टमाटे, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. वर जवारी आणि कणीक एकेक वाटी, पाऊण वाटी ताक, चार चमचे लोणी, वरून भुरभुरलेले तीळ. इतक्यात चार-पाच जणांचं भागतं. भांडं उतरल्यावर पंधरा मिनिटं तसंच ठेवावं, म्हणजे रस्सा दाटतो. उरलेल्याचा पोपडा दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीसारखा कडक होतो. तव्यावर झाकण घालून, कडेनं दोन चमचे पाणी सोडून गरम केला की पुन्हा मऊ पडतो.